अभिप्रायाचे व्याकरण

समीक्षा आणि अभिप्राय हे दोन शब्द नित्याच्या बोलण्यात पुष्कळदा एकाच अर्थाने योजिले जातात. वस्तुतः त्यांच्यातील भेद मूलगामी आहे. समीक्षा ही पूर्ण झालेल्या कृतीविषयी असते आणि तिचा श्रोता वाचक किंवा रसिक हा असतो. अभिप्राय हा अपूर्ण कृतीविषयी असतो आणि त्याचा श्रोता प्रत्यक्ष कर्ता असतो. समीक्षा चुकली तर कृतीचे फारसे बिघडत नाही. ती छापून झालेली असते व दुसरा समीक्षक पहिल्याची चूक दुरुस्त करू शकतो. अभिप्राय चुकला तर मात्र जी कृती घडू शकली असती ती घडतच नाही आणि तिच्या न घडण्याची नोंदही कोठे राहत नाही. कवितेची वही पेटीत जाते, मुखपृष्ठाचा कच्चा आराखडा फाडला जातो, प्रबंधाचे दुसरे प्रकरण कधीच लिहिले जात नाही. संपादक, कार्यशाळेतील अध्यापक, प्रबंधाचे मार्गदर्शक आणि कलाशाळेतील परीक्षक या सर्वांच्या हातून ही हानी नकळत होऊ शकते. म्हणून नव्या कृतीचे मूल्यमापन कसे करावे आणि ते कर्त्याला कोणत्या शब्दांत सांगावे, हा प्रश्न केवळ सौजन्याचा नाही. तो ज्ञानव्यवहाराचा प्रश्न आहे, आणि त्याचा बराचसा भाग भाषेचा आहे.

१. भावकाची परीक्षा

भारतीय काव्यशास्त्रात या प्रश्नाचा विचार फार पूर्वी झालेला आहे. दहाव्या शतकाच्या प्रारंभी राजशेखराने आपल्या 'काव्यमीमांसे'त प्रतिभेचे दोन भेद सांगितले : कवीला उपकारक होणारी ती कारयित्री आणि भावकाला उपकारक होणारी ती भावयित्री. आस्वाद घेणे व पारख करणे यांनाही स्वतंत्र प्रतिभा लागते, हा या विभागणीचा अर्थ होय. त्याने भावकांचे चार प्रकार मानले आहेत. ज्याला काहीच रुचत नाही तो अरोचकी. जो गवतासकट सर्व काही गिळतो तो सतृणाभ्यवहारी. ज्याला दुसऱ्याचे गुण दिसूनही सांगवत नाहीत तो मत्सरी. आणि जो कृतीच्या तत्त्वापर्यंत पोहोचतो तो तत्त्वाभिनिवेशी. हा शेवटचा प्रकार अत्यंत विरळ असल्याचे राजशेखर सांगतो.

या वर्गीकरणातील एक बारकावा विशेष महत्त्वाचा आहे. अरोचकी वृत्ती स्वाभाविक असेल तर ती कोणत्याही संस्काराने जात नाही. परंतु ती ज्ञानातून उत्पन्न झालेली असेल तर खरोखरच विशेष असे काही समोर येताच ती गळून पडते. कठोरपणा हा स्वतः दोष नव्हे. तो कशातून आला आहे यावर त्याचे मूल्य ठरते. उलट, सतृणाभ्यवहारी भावक कितीही प्रेमळ असला तरी कर्त्याच्या दृष्टीने तो निरुपयोगीच असतो, कारण धान्य कोणते आणि तृण कोणते हे त्याच्या स्तुतीवरून कळत नाही. भावक हा कवीचा स्वामी, मित्र, मंत्री, शिष्य आणि आचार्य असे सर्व काही असतो, असेही राजशेखराने म्हटले आहे. या पाच नात्यांत मंत्र्याचे नाते अभिप्रायाला सर्वांत जवळचे आहे : मंत्री सल्ला देतो, राज्य करीत नाही.

मूल्यमापन करणाऱ्याचीच परीक्षा घेण्याचा आधुनिक काळातील प्रसिद्ध प्रयत्न आय. ए. रिचर्ड्‌स यांनी केंब्रिज येथे केला व त्याचे निष्कर्ष १९२९ साली प्रसिद्ध केले. त्यांनी विद्यार्थ्यांना कवीचे नाव न सांगता कविता दिल्या आणि त्यांचे मत मोकळेपणाने लिहावयास सांगितले. ग्रंथात अशा तेरा कवितांवरील टिपणे आहेत. सुशिक्षित वाचकांनाही कवितेचा साधा वाच्यार्थ लावता येत नाही, ही त्यांतील सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट होती. वाचनात येणाऱ्या अडचणींचे दहा प्रकार रिचर्ड्‌स यांनी नोंदविले. त्यांत वैयक्तिक आठवणींची अप्रस्तुत लुडबुड, ठरावीक प्रतिक्रिया, भावविवशता, आधीपासून बाळगलेली मते आणि तंत्राविषयीचे पूर्वग्रह यांचा समावेश होतो. कृतीविषयी म्हणून जे बोलले जाते, त्यातील पुष्कळसे बोलणाऱ्याविषयी असते. अभिप्राय देणाऱ्याने लेखणी उचलण्यापूर्वी हे ध्यानात घेणे आवश्यक आहे.

२. निकष कोठून येतो

'ही कृती चांगली आहे काय ?' या प्रश्नाला एकटे उत्तर नसते. ती कशासाठी चांगली, कोणासाठी चांगली, हे ठरल्यावाचून निर्णयाला आधार मिळत नाही. याचे एक उत्तम उदाहरण प्राचीन मराठी वाङ्मयातच सापडते. महानुभाव कवी भास्करभट्ट बोरीकर यांनी 'शिशुपाळवध' रचल्यावर पंथातील एका सहधर्मी जाणकाराने त्याविषयी मत दिल्याची कथा परंपरेने जपली आहे. ग्रंथ उत्तम झाला आहे, परंतु तो प्रवृत्तिमार्गी जनांच्या योग्यतेचा झाला आहे, निवृत्तिमार्गीयांच्या उपयोगाचा नाही, असा त्या मताचा आशय होता. त्यानंतर भास्करभट्टांनी 'उद्धवगीता' रचली, असे सांगितले जाते.

या अभिप्रायाची घडण पाहण्यासारखी आहे. त्यात काव्यगुण नाकारलेला नाही. शृंगार वाईट असेही म्हटलेले नाही. कवीने ज्या वाचकवर्गाशी स्वतःला बांधून घेतले होते, त्या वर्गाचा उद्देश आणि हाती आलेली कृती यांतील अंतर तेवढे दाखविले आहे. आजच्या वाचकाला 'शिशुपाळवध' अधिक आवडेलही. तरी त्या वेळी, त्या कवीपुरता, तो अभिप्राय नेमका होता. परिणाम म्हणून पहिला ग्रंथ नष्ट झाला नाही आणि दुसरा निर्माण झाला.

उपयोगी वस्तूंच्या रचनेबाबत हेच तत्त्व अधिक स्पष्टपणे दिसते. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर दांपत्याने भारत सरकारच्या निमंत्रणावरून १९५८ साली जो अहवाल सादर केला, त्याच्या आधारे १९६१ साली अहमदाबाद येथे राष्ट्रीय डिझाइन संस्था स्थापन झाली. या अहवालात आपल्या घरोघरीच्या लोट्याविषयी जे विवेचन आहे ते मूल्यमापनाचा वस्तुपाठच होय. लोटा सुंदर आहे, एवढे म्हणून लेखकद्वय थांबत नाही. एका वेळी किती पाणी आणावयाचे व ओतावयाचे आहे, कोणाच्या हातांनी, डोक्यावरून की कमरेवरून, भरलेला असताना आणि रिकामा असताना तोल कोठे राहतो, ओतताना धार कशी पडते, आतून घासता येतो काय, आतील द्रव गरम असल्यास तो हातात धरता येतो काय, दुसऱ्या भांड्यावर आपटला तर आवाज कसा येतो, किंमत काय आणि मोडीत काढल्यास काय मिळेल, अशी प्रश्नांची मालिकाच ते उभी करतात. मूल्यमापन म्हणजे शेरा नव्हे. मूल्यमापन म्हणजे कृतीला विचारावयाच्या प्रश्नांची यादी, हे त्यावरून ध्यानात येते. ज्या परीक्षकाजवळ अशी यादी नाही, त्याच्याजवळ केवळ रुची उरते.

३. वाक्याचे रूप आणि त्याचा परिणाम

निकष ठरला तरी तो सांगावयाचा असतो वाक्यांतून. येथे भाषाविज्ञानाचे साहाय्य घेता येते. रोमान याकोबसन यांनी १९५८ सालच्या इंडियाना येथील परिषदेत मांडलेल्या व १९६० साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात भाषेची सहा कार्ये वेगळी केली आहेत. त्यांपैकी तीन येथे प्रस्तुत आहेत : बोलणाऱ्याची भावस्थिती व्यक्त करणे, बाह्य वस्तूविषयी माहिती देणे आणि ऐकणाऱ्याला कृतीस प्रवृत्त करणे. 'कथा कंटाळवाणी आहे' हे वाक्य रूपाने वस्तूविषयीचे आहे. 'कथा चाळीस पानांची आहे' या वाक्यासारखेच ते दिसते. प्रत्यक्षात ते बोलणाऱ्याची भावस्थिती सांगते. कर्ता मात्र ते वस्तुस्थितीचे विधान म्हणून ऐकतो आणि त्याला कृतीत 'कंटाळवाणेपणा' नावाचा पदार्थ शोधूनही सापडत नाही. अभिप्रायातील बरेचसे गैरसमज या वेषांतरातून उद्भवतात.

मराठी भाषेजवळ या अडचणीवर एक सहज उपाय आहे. अनुभव घेणारी व्यक्ती चतुर्थीत ठेवणारी वाक्यरचना आपल्या भाषेत अगदी स्वाभाविक आहे : मला कळले, मला आवडले, मला वाटले, मला आठवले. पुढील तीन वाक्यांची तुलना करावी.

'कथा दुर्बोध आहे.'

'तुम्ही कथा दुर्बोध करून ठेवली आहे.'

'तिसऱ्या पानावर "तो" हे सर्वनाम पाच वेळा आले आहे. त्यांतील तिसरा "तो" वडील की धाकटा भाऊ, हे मला कळेना.'

पहिल्या वाक्यात दोष कृतीचा गुणधर्म म्हणून सांगितला आहे. त्याचा वाद घालता येतो, पण उपयोग करता येत नाही. दुसऱ्यात तोच दोष कर्त्याच्या माथी मारला आहे. त्यावर कर्त्याला स्वतःचा बचाव करण्यावाचून गत्यंतर राहत नाही. तिसरे वाक्य एका वाचकाला एका ठिकाणी आलेला अनुभव नोंदविते. तो अनुभव खोटा आहे असे कर्ता म्हणू शकत नाही. शिवाय स्थळ दाखविलेले असल्यामुळे तो अनुभव का आला, याचा शोधही त्याला घेता येतो. वडील आणि भाऊ यांची सरमिसळ जर लेखकाने हेतुपुरस्सर केली असेल, तर हाच अभिप्राय त्याला आपला हेतू साधल्याची पोचही देतो. 'दुर्बोध' या विशेषणात ही शक्यता मुळातच बंद झालेली असते.

मुखपृष्ठ किंवा भित्तिपत्रक यांच्याबाबतही असेच घडते. 'अक्षरे जमली नाहीत' असे म्हटल्याने अक्षरकाराला काय करावे हे कळत नाही. देवनागरीत वेलांटी, मात्रा व रफार शिरोरेषेच्या वर जातात आणि उकार, ऋकार खाली उतरतात. त्यामुळे दोन ओळींमध्ये रोमन लिपीला पुरणारे अंतर देवनागरीला पुरत नाही. 'शीर्षकाच्या पहिल्या ओळीतील ऊकार दुसऱ्या ओळीतील वेलांटीला भिडतो, म्हणून लांबून पाहताना तेथे एकच जोडाक्षर असल्यासारखे वाटते' असे सांगितल्यास दोष, त्याचे कारण आणि दुरुस्तीची दिशा या तिन्ही गोष्टी एका वाक्यात येतात.

सूचना देताना क्रियापदाचा अर्थही विचारात घ्यावा लागतो. 'हे कडवे गाळा' हा आज्ञार्थ कर्त्याचा निर्णय हिरावून घेतो. 'हे कडवे गाळावे' या विध्यर्थात आज्ञा देणारा दिसत नाही. तथापि कर्तव्याचा भार तसाच राहतो, किंबहुना तो कोणी घातला हे न दिसल्यामुळे अधिकच जाणवतो. 'हे कडवे गाळले, तर दुसऱ्या कडव्यातील प्रश्न शेवटपर्यंत उघडा राहील' हा संकेतार्थ मात्र एक प्रयोग सुचवितो व त्याचे फळही सांगतो. प्रश्न उघडा ठेवावयाचा की नाही, हे कर्त्याने ठरवावयाचे असते.

उभयान्वयी अव्ययांचा प्रकार तर आणखी बोधप्रद आहे. 'कविता छान आहे, पण...' हे अभिप्रायाचे सर्वांत परिचित वाक्य. आपल्या परंपरागत व्याकरणात 'पण', 'परंतु' यांना न्यूनत्वबोधक म्हटले आहे, आणि ते नाव येथे अक्षरशः सार्थ ठरते. त्या एका अक्षरद्वयाने आधीची स्तुती उणी होते, आणि अनुभवी विद्यार्थी तर 'पण' येईपर्यंत ऐकतच नाही. 'तसे बरे जमले आहे' यातील 'तसे' हेही दिलेले परत घेणारे अव्यय होय. याउलट कारणबोधक 'कारण' आणि परिणामबोधक 'म्हणून' ही अव्यये बोलणाऱ्याला आधार देण्यास भाग पाडतात. लेखी अभिप्राय कर्त्याच्या हाती देण्यापूर्वी त्यातील 'पण' किती आणि 'कारण' किती, हे मोजून पाहणे ही साधी कसोटी आहे. ती विभागातील कोणत्याही परिसंवादात वापरता येईल.

४. एक प्रत्यक्ष उदाहरण

इतके सांगितल्यावर असा आक्षेप येऊ शकतो की, या मार्गाने अभिप्राय गुळमुळीत होईल. या आक्षेपाचे उत्तर टी. एस. एलियट यांच्या 'द वेस्ट लँड' या काव्याच्या हस्तलिखितात मिळते. हे काव्य १९२२ साली प्रसिद्ध झाले. एझ्रा पाउंड यांच्या खुणा असलेले मसुदे १९७१ साली छायाप्रतींसह ग्रंथरूपाने उपलब्ध झाले. त्यांवरील पाउंड यांचे शेरे मुळीच मृदू नाहीत. निवेदक जेथे 'कदाचित' अशा संदिग्ध शब्दाचा आश्रय घेतो तेथे ते चिडून टिपण करतात : जे माहीत आहे ते ठामपणे सांगावे, असा त्याचा भाव. चौथ्या विभागातील समुद्रप्रवासाचा दीर्घ भाग गळाला आणि नव्वदाच्या आसपास असलेल्या ओळींपैकी शेवटच्या दहाच उरल्या. पोपच्या धाटणीवर रचलेल्या यमकबद्ध द्विपदींचा एक दीर्घ खंडही पाउंड यांच्या सल्ल्याने वगळला गेला. पोपने हे इतके उत्तम करून ठेवले आहे की त्याहून सरस साधत नसेल तर वेगळेच काही करावे, असे त्यामागील कारण पाउंड यांनी दिल्याचे एलियट यांनी पुढे नमूद केले आहे.

परंतु याच पाउंड यांनी राखण्याचेही काम केले. इतकी काटछाट झाल्यावर एलियट यांनी बुडालेल्या फिनिशियन खलाशाचा उरलेला भागही काढून टाकावा काय, असे विचारले. पाउंड यांनी त्यास नकार दिला. या खलाशाचा उल्लेख आधी पत्त्यांच्या भविष्यकथनात आलेला असल्यामुळे तो रचनेचा अविभाज्य घटक आहे, असे कारण त्यांनी दाखविले. कठोरपणा आणि जतन या दोन्हींच्या मागे एकच दृष्टी होती : हे काव्य काय होऊ पाहत आहे ? पाउंड यांनी त्याला स्वतःच्या काव्यासारखे करण्याचा यत्न केला नाही. याच हस्तलिखितावर एलियट यांच्या पत्नी व्हिव्हियन यांचेही शेरे आहेत, आणि संभाषणाच्या प्रसंगातील त्यांची एक सूचना अंतिम काव्यात ओळ म्हणून कायम राहिली. बोलीभाषेचा कान त्यांच्याजवळ होता. एकाच कृतीला दोन निराळ्या भावकांनी आपापल्या अधिकारक्षेत्रात मदत केली, असे हे उदाहरण आहे.

५. प्रयोगांतून दिसणारे

या विषयावर मानसशास्त्रातही पुष्कळ काम झाले आहे. क्लूगर आणि डेनिसी यांनी १९९६ साली पूर्वीच्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यात २३,६६३ निरीक्षणांवर आधारलेली ६०७ परिणाममाने तपासलेली आहेत. सरासरीने पाहता अभिप्रायाने कामगिरी सुधारते. तथापि एक-तृतीयांशाहून अधिक प्रसंगी अभिप्रायानंतर ती खालावली, असे त्यांना आढळले. अभिप्रायामुळे लक्ष हातातील कामावरून निघून स्वतःच्या व्यक्तित्वाकडे जसजसे वळते, तसतसा त्याचा लाभ कमी होतो, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले. 'तुम्ही' हा कर्ता असलेली वाक्ये का टाळावीत, याला येथे स्वतंत्र आधार मिळतो. आणि व्यक्तीची वारेमाप स्तुतीही त्याच कारणास्तव टाळावी लागते, कारण 'तुम्ही फार प्रतिभावान आहात' या वाक्यानेही लक्ष कामावरून उडतेच.

रूथ बटलर यांचा १९८८ सालचा इस्रायलमधील शालेय विद्यार्थ्यांवरील प्रयोगही उद्‌बोधक आहे. काही विद्यार्थ्यांना केवळ शेरे, काहींना केवळ गुण आणि काहींना गुण व शेरे दोन्ही देण्यात आले. केवळ शेरे मिळालेल्यांची आस्था व कामगिरी वाढली; गुणांबरोबर शेरे मिळालेल्यांत मात्र तो लाभ दिसला नाही. गुण दिसल्यावर शेरा वाचला जात नाही, हा अध्यापकांचा जुना अनुभव या निष्कर्षाशी जुळतो. परीक्षेसाठी गुण द्यावेच लागतात. परंतु मसुद्याच्या अवस्थेत ते न देणे पुष्कळ ठिकाणी शक्य असते.

६. अधिकार आणि मर्यादा

अभिप्रायाची एक पद्धत सर्वत्र चालत नाही. उर्दू काव्यपरंपरेतील इस्लाहमध्ये उस्ताद शागिर्दाच्या ओळीतील शब्द स्वतः बदलून देतो. गालिब आपल्या शागिर्दांच्या गझला टपालाने मागवून अशा प्रकारे दुरुस्त करीत. तेथे ही थेट दुरुस्ती गैर ठरत नाही, कारण वृत्त, काफिया व रदीफ यांचे नियम दोघांनाही मान्य असतात आणि शब्दबदलाचे कारण न सांगताही उमगते. मराठीत सुरेश भट यांनी नवोदितांसाठी 'गझलेची बाराखडी' सिद्ध केली, तिच्यामागे हाच विवेक दिसतो : दुरुस्ती करण्यापूर्वी नियम सर्वांसमोर ठेवणे. जेथे रूपबंध स्थिर आहे तेथे दुरुस्ती शोभते. जेथे तो अद्याप घडत आहे तेथे प्रश्न शोभतो.

हा भेद विसरल्यास चांगल्या हेतूचा अभिप्रायही बंधन होऊन बसतो. 'सत्यकथे'च्या संपादकांनी लेखकांशी केलेली सविस्तर चर्चा आणि पुनर्लेखनाचा धरलेला आग्रह यांनी मराठी नवकथा व नवकविता यांना मोलाचे साहाय्य केले, हे सर्वमान्य आहे. तरीही १९६९ साली लघुनियतकालिकांच्या चळवळीतील तरुणांनी 'सत्यकथे'च्या अंकाची होळी केली. ज्यांची भाषा व अनुभवविश्व त्या निकषांच्या चौकटीत मावत नव्हते, त्यांना तोच काटेकोरपणा दार बंद केल्यासारखा वाटला. या प्रसंगात दोन्ही बाजूंना इतिहासाने आपापले स्थान दिले आहे. भावकाने त्यावरून घ्यावयाचा बोध इतकाच की, जी कृती निकषात बसत नाही तिच्यासमोर निकषाचीही परीक्षा होत असते.

या सर्व विवेचनातून अभिप्रायाचा एक क्रम हाती येतो. प्रथम कृतीत काय आहे याचे निर्विकार वर्णन करावे. बरेचदा कर्त्याला आपण काय लिहिले हे त्या वर्णनातूनच प्रथम दिसते. नंतर तिचा उद्देश व वाचक कोण, हे कर्त्याकडून समजून घ्यावे. मग स्थळ दाखवून आपला अनुभव चतुर्थीच्या वाक्यांत सांगावा आणि 'कारण' जोडावे. जे राखलेच पाहिजे ते स्पष्ट शब्दांत नमूद करावे, कारण घाबरलेला कर्ता दोषाबरोबर गुणही कापून टाकतो. सूचना शेवटी, संख्येने थोड्या आणि संकेतार्थी असाव्यात. जेथे मुळातच पुनर्रचनेची गरज असेल तेथे किरकोळ शुद्धलेखनाच्या खुणा करीत बसू नये. दोनशे तांबड्या खुणांखाली एक मुख्य आक्षेप दिसेनासा होतो.

आणि त्यानंतर थांबावे. सुधारलेल्या कृतीत अभिप्राय देणाऱ्याची प्रत्येक सूचना दिसेलच असे नाही. पुष्कळदा कर्ता दोष मान्य करतो व उपाय निराळाच शोधतो. सल्ला स्वीकारावयाचा की नाही हा अधिकार अखेर ज्याच्या नावाने कृती ओळखली जाणार त्याचाच आहे. पुढील मसुदा लिहिला जावा, एवढेच अभिप्रायाचे काम. तो लिहिला गेला की अभिप्राय आपल्या कार्यास लागला असे समजावे.